भावाला ‘तुम्ही’ म्हटलं, तो मिरचीचा हंगाम

नंदुरबारात हिवाळा आधी नाकाला कळतो. स्वेटर अजून पेटीतच असतात, दुपारी पंखा लागतो, आणि एखाद्या सकाळी शाळेत जाताना गावाबाहेरच्या वळणावर घशात काहीतरी टोचतं. एक शिंक येते, तिच्यामागून दुसरी. मग कळतं, पथाऱ्या पडल्या. मोकळ्या जमिनींवर ओली लाल मिरची वाळत घालतात, त्या जागांना आमच्याकडे पथारी म्हणतात. दोन-चार महिने सगळा शिवार लाल दिसतो. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, आम्ही पदर नाकाला लावून पुढे जातो.

यंदाही तशीच शिंकले. रिक्षावाला हसून म्हणाला, “मॅडम, सीझन चालू व्हयना!” मीही हसले. पण डोळ्यांत आलेलं पाणी सगळंच मिरचीचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच हंगामात मी माझ्या सख्ख्या भावाला एक शब्द बोलले होते. शिवी नव्हती ती. उलट व्याकरणात त्याहून आदराचा शब्द सापडणार नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. आयुष्यभर पोरांचे ‘न’ आणि ‘ण’ नीट करत आले. आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी महिलांची संगती भरते, तिथेही बोलायचं काम माझ्याकडेच असतं. जीभ मुळात तिखट. नवरा म्हणतो, आपल्या घरात मिरची विकत आणायची गरज नाही. विसरवाडीकडचं त्याचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. लग्नानंतर मीही त्या वाटेने गेले आणि मनापासून गेले. पण विश्वास बदलला म्हणून जीभ लगेच बदलत नाही, हे मला माझ्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही.

माय पथारीवर देठं खुडायची. बायका ओळीने उकिडव्या बसायच्या, नाकातोंडाला फडकं, मांडीजवळ ढीग. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या अंगाचा वास आमच्याआधी शेजारणीला कळायचा. हात लाल, सुजलेले. ती ते ताकात बुडवून बसायची, मग तेल चोळायची, तरी आग जायची नाही. हंगामाच्या त्या महिन्यांत मायने आमचे डोळे कधी पुसले नाहीत. आम्ही रडलो तर ती कोपराने जवळ ओढायची आणि डोकं छातीशी दाबून धरायची, हात मात्र लांब, हवेत. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच जवळ घेतात.

त्या घरात सगळे ‘तू’ होते. आमची अहिराणी तशीच आहे. माय तू, बाप तू, बापाचा थोरला भाऊही तू. ‘तुम्ही’ ठेवलेलं असायचं जावयाला, व्याह्याला, फार तर सरकारी साहेबाला. म्हणजे ज्याच्यापुढे सांभाळून वागायचं, ज्याला चहा कपबशीतून द्यायचा, त्याला. माझा थोरला भाऊ उत्तम, तोही तूच. मी बी.एड.ला गेले तेव्हा त्याने माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बस स्टँड गाठलं होतं, आणि मी वाटभर त्याला “तू हळू चाल ना रे” म्हणून ओरडत होते.

माय हंगामात माझ्याकडे राहायला यायची, कारण पथारी माझ्या घरापासून जवळ. रविवारी मी उपासनेला निघाले की तीही निघायची. शेवटच्या बाकावर बसायची. कित्येक वर्षं नुसतं ऐकलं तिने. एका रविवारी स्वतःच चर्चच्या पाळकसाहेबांसमोर जाऊन म्हणाली, “माले बी बाप्तिस्मा द्या.” मी तिला कधी एका शब्दाने सुचवलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी भाऊ आला, चर्चच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिला, नंतर जेवायला मात्र आत आला. त्याने बापाची रीत सोडली नव्हती, सोडणारही नव्हता. तो पथारीवर मुकादम. येता-जाता मला चिडवायचा, “तुन्हा येशूले सांग, औंदा मिरचीवर पानी नको पाडू.” मीही म्हणायची, “तू ये रविवारले, तूच सांग.” एवढ्यावर भागत होतं.

मग मायचा श्वास अपुरा पडायला लागला. इतक्या वर्षांची मिरची छातीत बसली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, घरी न्या. भाऊ तिला गावी घेऊन गेला, शहाद्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घरी. आणि जी गोष्ट कुणीच उघड बोलत नव्हतं ती दोन्ही घरांत येऊन बसली. माय गेली की तिला ठेवायचं कुठे?

मला काही शंकाच नव्हती. तिने बाप्तिस्मा घेतलेला, तिला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली पाहिजे. भावालाही शंका नव्हती. शेताच्या कडेला बापाला मातीत ठेवलं आहे, वर त्याच्या नावाचा दगड आहे, माय त्याच्या शेजारी. त्याने वहिनीच्या हाती निरोप धाडला, “तिले सांग, हाई बोलाले येऊ नको.” म्हणजे बोलायला जाणं भागच होतं.

नेमका त्याच आठवड्यात संगतीत माझा विषय होता, ख्रिस्ती माणसाची वाणी. बायबलच्या वचनात म्हटलंय, बोलणं कृपेचं असावं, मिठाने रुचकर केलेलं, त्यावर मी तासभर बोलले. आवाज चढवू नये, समोरच्याला मान द्यावा, शब्द निवडून वापरावेत. फळ्यावर लिहूनही दाखवलं. शेवटी कडेला बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, मीठ किती घालायचं ते कुठं लिहिलंय का?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि फळा पुसला.

निघण्याआधी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, “जिंकायला जाऊ नका.” मी म्हटलं, “छे हो, मी अगदी गोड बोलणार आहे.”

बसमध्ये मी वाक्यं पाठ करत होते. पहिलं वाक्य कुठलं, त्याने असं म्हटलं तर आपण काय म्हणायचं, आवाज कुठे खाली आणायचा.

अंगणात कापसाचा ढीग होता. ओट्याजवळ उन्हात मायची खाट. तिचे डोळे मिटलेले होते, छाती वरखाली होत होती. भाऊ दाराशी बसला होता. “बठ,” म्हणाला.

मी बसले. पाठ केलेलं पहिलं वाक्य काढलं. “भाऊ, तुम्ही कृपा करून शांतपणे ऐकून घ्या. आपण दोघांनीही आईच्या श्रद्धेचा विचार करायला हवा.”

भावाने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, मागे कुणी उभं आहे का म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “कोनले बोली ऱ्हायनी?”

“तुम्हाला.”

त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं. तो उठला, भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची आणली, गमछ्याने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. “बसा मॅडम,” शाळेतल्या मराठीत म्हणाला. “खाली नका बसू, साडी खराब होईल.” आणि आत ओरडून वहिनीला सांगितलं, “चहा आन वं. कपबशीमा आन.”

मी त्या घरात जन्मले. त्या घरातल्या स्टीलच्या पेल्यावर मी दातांनी पोचे पाडले आहेत. माझ्या हातात कपबशी आली. तेवढ्यात खाटेवरून माय बोलली, डोळे न उघडता, धापा टाकत. “उत्तम, कोन पाव्हना उनात रे?”

तिने माझा आवाज ओळखला नव्हता.

यानंतर मी जे केलं ते आणखी वाईट. शरमेचा राग होतो, तसा झाला. पाठ केलेली सगळी वाक्यं सुटली आणि मी किंचाळले, “मायना मातीवर तुन्हा एकलाना हक्क नही! तुले काय समजस तिनं? तू कधी तिनासंगे बठना का तठे, चर्चमा?” आता ‘तू’ आलं, पण विस्तवासारखं. भाऊ उलट हळू आवाजात म्हणाला, “तुमना देव भाऊले तुम्ही म्हनाले शिकाडस का?” मी पर्स उचलली आणि निघाले. मायजवळ गेलेही नाही.

बसमध्ये त्याचा प्रश्न माझ्यासोबत बसला होता. नाही शिकवत. आम्ही तर देवालाही तूच म्हणतो. पहाटे उठून मी ज्याच्याशी बोलते त्याला कधी ‘आपण कृपा करून’ म्हणाले नाही. मराठीत प्रार्थना सुरू होते तीच मुळी ‘हे प्रभू, तू’ अशी. मग भावापुढे हा मान कुठून आला? खरं सांगायचं तर तो मान नव्हता. आत कुठेतरी मी त्याला अडाणी ठरवलं होतं, आणि अडाण्यापुढे आपण किती सभ्य आहोत ते मला दाखवायचं होतं. गोडवा होता तो, पण वरून खाली ओतलेला. याची मला इतकी लाज वाटली की घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आमच्या शाळेत वस्तीवरून पोरी येतात. परवाच एक छोटी मला म्हणाली, “मॅडम, तू उद्या येशील ना?” शेजारच्या बाई तिच्यावर खेकसल्या. पूर्वी मीही खेकसले असते. मी म्हटलं, येईन गं. ती पळाली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. मोठं होता होता आपण किती शब्द शिकतो आणि त्यातले किती दाराच्या कडीसारखे वापरतो.

त्या हंगामात पुढचे नऊ दिवस आमचा फोन झाला नाही. वहिनी चोरून कळवायची, माय पेज घेते, माय आज काहीच घेत नाही. नाताळाची तयारी चालली होती, चर्चच्या माळावर पोरी गाणी बसवत होत्या, आणि मला एकच हिशेब सुटत नव्हता. आम्ही दोघं असेच अबोल राहिलो आणि ती गेली, तर तिच्या मातीपुढे आम्ही एकमेकांशी भांडू. तेही लोकांसमोर. रोज फोन हातात घ्यायची, त्याच्या नावावर बोट ठेवायची आणि पुन्हा खाली ठेवायची.

दहाव्या दिवशी आभाळ आलं. हिवाळ्यातलं आभाळ इथे कुणाला सोसत नाही. दुपारी शाळेच्या खिडकीतून पश्चिमेला काळं दिसलं आणि मी अर्जही न लिहिता निघाले, थेट पथारीवर. तिथे नुसता कल्लोळ चालला होता. बायका पसरलेली मिरची ओढून ढीग करत होत्या, हवेत लाल धूळ, सगळ्यांचं खोकणं. त्या सगळ्यावर भावाचा आवाज, “ढीग करा वं, ढीग करा! ताडपत्री आना!” मोठे थेंब पडायला लागले. माझ्यापुढे ताडपत्रीचं एक टोक फडफडत होतं, ते मी धरलं. पलीकडून तो ओरडला, “तान, आखो तान!” मी ताणलं. टोकावर दगड ठेवून त्याने मान वर केली, तेव्हा त्याला मी दिसले.

“तू?”

पाऊस कोसळायला लागला तसे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. बायका दुसऱ्या टोकाला दाटीने उभ्या होत्या. पत्र्यावर आवाज इतका की जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू येईना. माझे हात कोपरापर्यंत पेटले होते.

“भाऊ, मन्हं चुकनं,” मी म्हटलं. “मी तुले पाव्हना करी टाकं.”

तो पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तू मास्तरीन शे. तुन्हं बोलनं माले कळस. पन त्या दिन माले वाटनं, तू माले सहीले कागद दी ऱ्हायनी.”

बोलायचं खूप होतं, पण पहिल्यांदाच मी ते गिळलं आणि तो पुढे काय म्हणतो त्याची वाट पाहिली.

“तू तिले तठे लई जाशी,” तो शेवटी म्हणाला. “मंग मी कोठे जासू? सनले मी बापले निवद दाखाडस. माय तठे फाटकना आत, आनि मी फाटकना बाहेर हुभा ऱ्हासू का?” तो माझ्याकडे वळला. “आखो एक सांग. तुमनामा म्हनतस, इस्वास करस तो सरगमा जास. माय जाई. तू जाशी. मंग माले माय परत कधी भेटी?”

म्हणजे शेताचं नव्हतंच ते भांडण. दगडाचंही नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माझा मुकादम भाऊ माय कायमची हरवेल म्हणून घाबरला होता, आणि त्या भीतीपुढे मी त्याला श्रद्धेचा विचार करायला सांगत होते.

उत्तरं माझ्याकडे होती. इतकी वर्षं मुलांची रविवारची शाळा घेते, एकेक उत्तर अध्यायासकट पाठ आहे. ती सगळी जिभेवर येऊन उभी राहिली. पण त्यातलं एकही त्या क्षणी मी त्याच्यासाठी बोलले नसते, स्वतःच्या समाधानासाठी बोलले असते. आणि खोटं सांगून त्याला धीर देणं, तेही माझ्याच्याने होणार नव्हतं.

“माले सांगता येत नही, भाऊ,” मी म्हटलं. “पन मी रोज तुन्हं नाव लेस.”

“कोनजोडे?”

“येशूजोडे.”

“काय सांगस?”

“सांगस, मन्हा भाऊले सोडू नको.”

त्याने मनगटाने डोळे पुसले, आणि त्यामुळे ते आणखी झोंबले. “मिरची शे,” म्हणाला. मी म्हटलं, “हां, मिरचीच शे.”

पुढे चर्चमधल्या एकीने मला ऐकवलं, की भावापुढे प्रभूची साक्ष द्यायची केवढी संधी तुम्ही घालवली. घालवली असेनही. या गोष्टीचा मी अजून विचार करते आणि अजून माझं उत्तर पक्कं होत नाही. एवढं मात्र कळलं, की त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा भावाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. कृपेने बोलायचं म्हणजे काय, यावर मी पुन्हा कधी फळ्यावर लिहिलं नाही. गुरुवारी बायकांना हा किस्सा सांगते आणि गप्प बसते.

पाऊस ओसरेपर्यंत शेडमध्येच आमचं ठरलं होतं, मी दफनभूमीचा हट्ट सोडला, त्याने प्रार्थना मान्य केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेले. खाटेच्या एका बाजूला भाऊ बसला, दुसऱ्या बाजूला मी, जमिनीवर. भाऊ म्हणाला, “माय, आमनं ठरनं. तू बापना शेजारे. हिना पाळक यी, प्रार्थना करी. मन्हं मी करसू.”

मायने डोळे उघडले. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली, “माले कोनी इचारं का?”

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. इतके दिवस तिच्यावरून भांडत होतो आणि तिला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“माले कोठेबी ठेवा,” ती म्हणाली. “पन माले ठेईसन तुम्ही दोन्ही एकच वाटे घर या. न्यारान्यारा नका जाऊ.” मग तिचा हात चादरीवर सरकत सरकत माझ्या तोंडापर्यंत आला. आता त्या हाताला मिरची नव्हती. तिने माझे डोळे पुसले.

नाताळ झाला आणि संक्रांतीच्या आधी माय गेली.

शेताच्या कडेला दोन घोळके उभे होते. एकीकडे चर्चची माणसं, दुसरीकडे भावकी. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. एखादा चुकीचा शब्द आणि सगळं फिसकटणार. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, थोडक्यात केली. भावकीतल्या कुणीतरी मोठ्याने घसा खाकरला. मग भाऊ ताटलीत भाकर आणि तांब्यात पाणी घेऊन पुढे आला. चर्चमधल्या दोघांनी तोंडं फिरवली. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि एक पाऊल मागे सरून त्याला जागा दिली. भावाने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आपलं काम केलं.

माती पडली. लोक पांगायला लागले. डांबरी रस्त्यावर चर्चची जीप उभी होती, तिथून हाक आली, “ताई, चला, तुमची जागा ठेवली आहे.” भावकी बांधावरून घराकडे निघाली होती. आमचे चुलते भावाला म्हणत होते, मला ऐकू जाईल अशा आवाजात, “चाल रे तू. ती त्यास्नासंगे जाई.” मी मधे उभी होते. जीपकडे हात हलवून मी सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. पण बांधाकडे पाऊल उचलेना. तिथे माझ्याकडे पाठ फिरवलेली सगळी माणसं होती आणि त्यांत मला कुणी बोलावलं नव्हतं.

भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. तो थांबला. वळला. अख्ख्या भावकीला ऐकू जाईल असा पथारीवरचा आवाज काढून म्हणाला, “थांबा जरा. मन्ही बहीन यी ऱ्हायनी.”

मी चपला हातात घेतल्या आणि बांधावर चढले.